चार दारांची गाडी मसल कार होते का? (खरा प्रश्न : माझी कमोडोर विकू का ठेवू?)

उद्यमनगरचा_मेलबर्नकर

नमस्कार मंडळी. प्रश्न एकच आहे, पण शेपूट मोठं आहे. चहा घेऊन बसा.

माझ्याकडं २०१६ ची होल्डन कमोडोर एसएस-व्ही रेडलाइन आहे (होल्डन म्हणजे जनरल मोटर्सची इथली, ऑस्ट्रेलियातली कंपनी). ६.२ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअर, मॅन्युअल, ३०४ किलोवॅट, म्हणजे ४१३ हॉर्सपॉवर. २०१९ ला सेकंडहॅण्ड घेतली. आता एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेत, आणि एक गिऱ्हाईक मी मोजले त्यापेक्षा नऊ हजार डॉलर जास्त द्यायला तयार आहे. बायको म्हणते देऊन टाका, छतावर सोलर आहे, इलेक्ट्रिक घेऊ. शहरात माझ्या पायाखाली ही गाडी शंभर किलोमीटरला सोळा लिटर पिते, त्यामुळं तिच्यापुढं बोलायला तोंड नाही.

त्यात गेल्या महिन्यात डॅलसचा मेव्हणा आला. गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, मागचंही उघडलं, आणि म्हणाला, "दाजी, गाडी झ्याक आहे, पण हिला मसल कार म्हणू नका. मसल कारला दारं दोन. ही फुगवलेली फॅमिली सेडान." पोरांसमोर म्हणाला. रात्रभर झोप नाही.

माझं म्हणणं मांडतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं गंगावेशीत जाऊन बघा, पैलवान आणि जिममधला पोरगा यांतला फरक लगेच कळतो. जिमवाल्याचं अंग आरशासाठी असतं. पैलवान दिवसभर म्हशी सांभाळतो, दूध घालायला जातो, आणि संध्याकाळी आखाड्यात उतरला की मग कळतं काय आहे ते. मसल कार म्हणजे हा पैलवान. साधं, रोजच्या कामाचं धड, त्यात नको एवढं मोठं इंजिन, आणि किंमत कामगाराच्या आवाक्यात. दारं किती हा प्रश्न येतोच कुठं?

उलट उदाहरण देतो. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात पॅटर्न मेकिंगचं छोटं शॉप होतं. ज्या फौंड्रीला पॅटर्न जायचे त्या मालकांकडं पांढरी कॉन्टेसा होती. आता फोटो टाकून लोक तिला 'भारताची मसल कार' म्हणतात, तेव्हा हसू येतं. धड ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं, लांबरुंद, आणि सुरुवातीला आत घातलेलं इंजिन अँबेसिडरचं, दीड लिटरचं. पुढं इसुझूचं १.८ आलं तेव्हा जरा जीव आला. अंगानं पैलवान, पण घुमायला लागला की दम लागायचा.

पण रिअर-व्हील ड्राइव्ह म्हणजे काय हे मला त्या कॉन्टेसानंच शिकवलं. मी नववीत होतो. साखर कारखान्यांचा सीझन, दिवाळीनंतरचा अवकाळी पाऊस, आणि शिरोलीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतातला चिखल आणून पसरलेला. ड्रायव्हरमामांनी वळणावर जरा पाय जास्त दिला आणि गाडीचं मागचं अंग हळूच आमच्या शेजारी यायला निघालं. मामांनी स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवलं, पाय सोडला, गाडी सरळ. मग म्हणाले, "हातगाडी बघितलीस न्हवं? ही मागनं ढकलती. ढकलणाऱ्याचा पाय घसरला की गाडी आडवी." इंजिनिअरिंगला चार वर्षं घातली, पण ओव्हरस्टिअर याच्यापेक्षा चांगला कुणी सांगितला नाही.

गंमत अशी की आपल्याकडं तेव्हा मागची चाकं फिरवणारी गाडी म्हणजे कौतुक नव्हतं. अँबेसिडर तशीच, पद्मिनी तशीच, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी तशीच. मारुती ८०० आली १९८३ ला, पुढची चाकं ओढणारी, आणि ती म्हणजे आधुनिक. इथं आलो तर सगळं उलटं. इथं लोक छाती काढून सांगतात, माझी रिअर-व्हील आहे.

इथलं वेड कसलं ते सांगतो. कोल्हापूरचे फुटबॉलवाले असतील त्यांना एका वाक्यात कळेल : होल्डन आणि फोर्ड म्हणजे पाटाकडील आणि शिवाजी तरुण. घराणीच्या घराणी वाटलेली. आखाडा म्हणजे बाथर्स्टचा डोंगर, माउंट पॅनोरामा. एक फेरी सहा किलोमीटर दोनशे मीटरची, चढ-उतार असा की आपला गगनबावडा आठवावा. जुना नियम असा, की शोरूममध्ये विकता तीच गाडी शर्यतीत आणायची. मग कंपन्यांनी काय केलं? शर्यतीची गाडीच शोरूममध्ये ठेवली. १९७१ ची फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री : ५.८ लिटर व्ही-८, जेमतेम तीनशे बनवल्या, त्या वर्षीची बाथर्स्ट अ‍ॅलन मॉफटनं तिच्यावर मारली. लिलावात तिला दहा लाख डॉलरच्या पुढंही बोली लागलीय. आणि मेव्हणेबुवा, तिला दारं चार आहेत. मागं बेबीसीट बसते.

पुढच्याच वर्षी, जून १९७२ मध्ये, सिडनीच्या एका रविवारच्या पेपरनं पहिल्या पानावर बोंब ठोकली : ताशी १६० मैलांच्या 'सुपरकार' लवकरच रस्त्यावर. मंत्री बिथरले, कंपन्या हादरल्या, फेज फोर तयार होत आली होती ती गुंडाळली. पोरांच्या हातात एवढी ताकद द्यायची का, हा वाद तेव्हाचा. माझ्या घरी तो आज चालू आहे, त्यावर नंतर येतो.

आणि आता सगळं संपलंय. फोर्डचा ब्रॉडमेडोजचा कारखाना ७ ऑक्टोबर २०१६ ला बंद, होल्डनचा अ‍ॅडलेडजवळचा एलिझाबेथचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला. फेब्रुवारी २०२० मध्ये होल्डन हे नावच काढून टाकायचं जाहीर झालं. पूर्वी इथले हायवे पोलीस याच गाड्यांतून मागं लागायचे. आता आरशात डिझेल बीएमडब्ल्यू दिसते.

तर सांगा. एक, चार दारांची मसल कार असते का? दोन, विकू का ठेवू? अमेरिका, दुबई, जर्मनी, चाकण, जिथं असाल तिथलं सांगा. पुस्तकातलं नको, हाताखालून गेलेलं सांगा.

ट्रॉयचा_वऱ्हाडी

मिशिगनमधून बोलून राहिलो भाऊ. आधी तुमच्या मेव्हण्याची बाजू घेतो, मग त्यालाच आडवा करतो.

इथल्या हिशेबानं गोष्ट १९६४ पासून सुरू होते. जनरल मोटर्सचा घरचा नियम होता, की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकच्या (हा जनरल मोटर्सचाच एक ब्रँड) इंजिनिअर लोकांनी, त्यात डिलोरियनसाहेब आले, मोठ्या गाडीचं ३८९ चं इंजिन टेम्पेस्ट नावाच्या सरळमार्गी गाडीत बसवलं, आणि वर सांगितलं की ही नवीन गाडी नाही हो, हा तर फक्त ऑप्शन आहे. नियम नव्या गाडीला होता, ऑप्शनला नव्हता. आपल्या तहसील ऑफिसातला बाबू जशी फाईल फिरवतो तशी फिरवली. तीच जीटीओ. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर विकल्या. दारं दोन, म्हणून मेव्हण्याच्या डोक्यात दोन बसले.

मग विमेवाल्यांनी जवान पोरांचे हप्ते असे वाढवले की गाडी परवडे पण विमा नाही. धुराचे नियम आले, १९७३ ला तेल बोंबललं, खेळ खल्लास. पण २००६ ला डॉजनं चार्जर परत आणली ती चार दारांची. लोक सुरुवातीला ओरडले. २०१५ ला तिच्यात हेलकॅटचं ७०७ हॉर्सपॉवरचं इंजिन पडलं, आणि ओरडणारे चूप झाले. आज डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टात जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथं जाऊन चार्जरला कोणी 'फॅमिली सेडान' म्हणून दाखवा. मार खाल बे.

आता तुमच्या मेव्हण्याला हे विचारा : २०१० ची शेवरले कॅमारो मसल कार आहे का नाही? आहे म्हणेल, दोन दारं आहेत ना. मग सांगा, की तिचं खालचं सगळं तुमच्या कमोडोरचं आहे. होल्डननं एक अब्जाच्या वर ऑस्ट्रेलियन डॉलर घालून २००६ च्या व्हीई कमोडोरसाठी जो प्लॅटफॉर्म केला, झीटा नावाचा, त्याच्यावरच ती उभी आहे. इंजिनिअरिंगचं मोठं काम मेलबर्नला झालं, जोडणी कॅनडात ओशावाला. अमेरिकेची शान म्हणून जिच्यासोबत फोटो काढते लोक, ती तुमच्या घरची पोरगी आहे.

माझा स्वतःचा अनुभव : २००९ ची पॉन्टिअ‍ॅक जी-८ जीटी. म्हणजे तुमचीच गाडी, नाकावर पॉन्टिअ‍ॅकचा बिल्ला. एप्रिल २००९ मध्ये जाहीर झालं पॉन्टिअ‍ॅक बंद, जूनमध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत. मी नवीन लागलो होतो, सप्लायरकडे सगळ्यांच्या नोकऱ्या जाऊन राहिल्या होत्या, आणि मी येडा गाडी घ्यायला गेलो. डीलर किंमत खाली आणून राहिला, मी उठून राहिलो, तो अजून खाली आणून राहिला. शेवटी घेतली. सीटवर बसलो, दार उघडं होतं, आणि चौकटीवर स्टिकर वाचला : मेड इन ऑस्ट्रेलिया. आईला फोन करून सांगितलं, अमेरिकन गाडी घेतली. खोटं बोललो असं वाटत राहिलं.

मिशिगनच्या बर्फात रिअर-व्हील म्हणजे काय ते विचारू नका. नोव्हेंबरात चार विंटर टायर, डिक्कीत वाळूच्या दोन गोण्या, आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा मार्चपर्यंत पिवळाधम्मक. शेजारची बाई छोट्या होंडात सुरकन निघून जाय, मी आपला कॉलनीच्या चढावर आडवा. तेव्हा गाडी कुठं खपते याच्या हिशेबात हवापाणी पण धरा.

तिकडची गाडी इकडे टिकली का नाही, याचं कारण अर्धं डॉलरमध्ये आहे. २००४ ला तुमची मोनारो, होल्डनची दोन दारांची गाडी, इथं जीटीओ म्हणून आली. तो बेत शिजला तेव्हा तुमचा डॉलर आमच्या पन्नास सेंटच्या आसपास होता. २०११ ला तुमचा डॉलर आमच्यापेक्षा महाग. त्या भावात ॲडलेडहून गाडी पाठवून कोण कमावणार? बरं, जीटीओ दिसायला इतकी गरीब, की नाव ऐकून लोक येत आणि बघून जात. इथल्या टकरीच्या नियमासाठी तिची पेट्रोलची टाकी उचलून डिक्कीत आणली, त्यात डिक्की गेली. तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास विकल्या.

शेवटची आली शेवरले एसएस, २०१४ ते २०१७. तुमच्या गाडीची सख्खी जुळी. चार वर्षांत तेरा हजारसुद्धा नाही गेल्या. जाहिरात नाही, आणि दिसायला मलिबूसारखी, म्हणजे शेवरलेच्याच साध्या सेडानसारखी. मी स्वतः शोरूममध्ये मलिबू समजून पुढे गेलो होतो, आणि मी जी-८ चालवणारा माणूस!

विकू नका.

सदाशिव_ते_स्टुटगार्ट

आधी दुरुस्त्या, मग मत.

एक. ३०४ किलोवॅट म्हणजे ४१३ पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर. ब्रिटिश हॉर्सपॉवरमध्ये ते ४०८ होतात. दोन वेगळी एककं आहेत. पाच घोडे फुकट मिळाले म्हणून आनंद व्हायचं कारण नाही.

दोन. 'तुमच्या घरची पोरगी' वगैरे ठीक आहे, पण तिचं आजोळ इकडे आहे. १९७८ ची पहिली कमोडोर ओपेलच्या रेकॉर्ड आणि सेनाटरवरून घेतली. १९९७ ची व्हीटी ओपेल ओमेगावरून, रुंद करून. म्हणजे ओपेलच्या गावाचं, रसेल्सहाइमचं माहेर, मेलबर्नचं सासर, आणि नात डेट्रॉइटला. व्हीई मात्र खरंच होल्डनची स्वतःची, हे मान्य.

आता मत. मी ब्रेक सिस्टिममध्ये काम करते, त्यामुळे मला गाडी थांबते कशी याची काळजी जास्त. तुमचा पैलवान मला पटला, पण अर्धाच. पैलवानाला सरळ धावता येतं, हे खरं. वळताना काय? इकडच्या सेडानचं सगळं शास्त्र त्या 'वळताना काय'मधून आलंय. पुढच्या टायरनं दिशाही द्यायची आणि ओढायचंही, ही दोन कामं एकाच मजुराला दिली की तो दोन्ही अर्धवट करतो. ताकद दीडदोनशे घोड्यांपर्यंत असेल तर कळत नाही. त्यापुढे जोरात पाय दिला की स्टेअरिंग हातातून हिसका मारतं. शिवाय वेग घेताना वजन मागे जातं, मागचे टायर रस्त्याला चिकटतात, पुढचे हलके होतात. म्हणून मोठं इंजिन पुढे गाडीच्या लांबीत, गिअरबॉक्स त्याच्यामागे, शाफ्ट मधून, डिफरन्शिअल मागे. बोगदा गाडीच्या मधोमध येतो आणि मागे मधल्या माणसाचे पाय अडकतात. ती किंमत. आमच्या लहानपणी अँबेसिडरमध्ये त्या उंचवट्यावर पाय ठेवून मधे बसायचा मान नेहमी मलाच.

मी रोज कामाला जाते त्या वाटेवर एक जुनी गोष्ट आहे. १९९० ची मर्सिडीज ५०० ई. ई-क्लाससारखीच दिसणारी, आत पाच लिटरचं व्ही-८. चाकांवरचे पत्रे रुंद केल्यामुळे ती मर्सिडीजच्या झिंडेलफिंगनच्या लाइनमध्ये बसेना. मग बॉडी त्सुफेनहाउझनला पोर्शेकडे जायची, तिथून रंगायला परत झिंडेलफिंगन, मग जोडणीला पुन्हा पोर्शे, आणि शेवटी पुन्हा मर्सिडीजकडे. एकेका गाडीला अठरा दिवस. ती बघून कुणी वळून बघत नाही, आणि हेच तिचं वैशिष्ट्य. तुमच्या कमोडोरवर लाल अक्षरं, मागे पंख, बोनेटवर नाकपुड्या. माझ्या डोळ्यांना ते जरा लग्नाच्या बँडसारखं वाटतं. माफ करा.

आणि बाजाराचं म्हणाल तर जर्मनीत मोठी सेडान टिकली ती वेगावरच्या प्रेमानं नाही, करामुळे. कंपनीची गाडी खासगी वापराला घेतली तर तिच्या छापील किमतीचा एक टक्का दरमहा तुमच्या उत्पन्नात धरतात. स्वतःच्या खिशातून एवढी गाडी कोण घेतो? म्हणून ऑटोबानवर डावीकडून जी बीएमडब्ल्यू सुसाट जाते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी कंपनीची असते. कामगाराच्या आवाक्यात असलेली व्ही-८, हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. इकडे असं कधीच नव्हतं. त्या एका मुद्द्यावर तुम्ही जिंकलात.

पण इकडेही रिअर-व्हील संपत चाललीय. सहाशे घोड्यांपुढे मागची दोन चाकं पुरत नाहीत. २०१८ च्या बीएमडब्ल्यू एम-५ पासून चारी चाकांना ताकद आली, मागची दोनच हवी असतील तर मेन्यूत जाऊन निवडायची. २०२२ ची मर्सिडीज सी-६३ तर दोन लिटर, चार सिलिंडर, सोबत मोटर, वजन दोन टनांच्या वर. कागदावर ६८० पीएस. ती कुणाला आवडली असं मला अजून भेटलेलं नाही.

ट्रॉयचा_वऱ्हाडी

ताई, बँडची उपमा लागली हो. पण लग्नाला बँडच लागते, शोकसभेला साधी मर्सिडीज चालते. 😄

आणि मेलबर्नकरांचे पाच घोडे त्यांच्या वतीनं परत करतो.

सदाशिव_ते_स्टुटगार्ट

पोच मिळावी.

मस्कतचा_दापोलीकर

मी गाडीवाला नाही, पार्टवाला. वादी कबीरला स्पेअर पार्टच्या काउंटरवर अठरा वर्षं झाली. तुम्ही नावांवरून भांडताय म्हणून लिहितो.

इथं होल्डन हे नाव कुणाला माहीत नाही. ही गाडी इथं शेवरले लुमिना. लांब केलेली तिचीच मोठी बहीण शेवरले कॅप्रिस. गिऱ्हाईक दिशदाशा (इथला लांब झगा) झटकत येतो, म्हणतो कॅप्रिसचं बुश दे. मी डबा काढतो, डब्यावर जनरल मोटर्स. फोडला की आतल्या रबरावर बारीक अक्षरात मेड इन ऑस्ट्रेलिया. एकच बुश. मेलबर्नला कमोडोरचं, मिशिगनला पॉन्टिअ‍ॅकचं, ब्राझीलमध्ये शेवरले ओमेगाचं, इंग्लंडमध्ये व्हॉक्सहॉलचं. बुशाला काही फरक पडत नाही.

इथं या गाड्या का चालल्या? पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ, आणि एसी. हसू नका. जुलैत पंचेचाळीसच्या वर जातं, मोठं इंजिन असलं की कॉम्प्रेसर ओढताना गाडी मरत नाही. कॅप्रिसमध्ये पाच माणसांचं कुटुंब पसरून बसतं आणि सलालापर्यंतचे हजार किलोमीटर एका दिवसात होतात. माझ्या मामांनी कंपनीच्या साहेबाची कॅप्रिस बारा वर्षं चालवली. सुट्टीवर गावी आले की आमच्या दापोली-खेड रस्त्यावर एसटीत बसून म्हणायचे, "ह्या वळणांवर माझी कॅप्रिस आणली ना, तर अर्धी आंब्याच्या बागेत जाईल."

मसल कार म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण ज्याचे मागचे टायर पुढच्यांच्या तिप्पट खपतात ती. तो हिशेब माझ्या वहीत आहे.

चाकण_सेकंड_शिफ्ट

सगळे परदेशातले म्हातारे जमलेत म्हणून एक गावठी मत. 😀

भारतात अशी गाडी का झाली नाही याचं उत्तर चार मीटरची पट्टी. २००६ पासून चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत बसवलं की कर कमी. त्यामुळे आपल्याकडं डिझायनर आधी पट्टी घेतो, मग पेन्सिल. बोनेट लांब करायला जागाच नाही, तर व्ही-८ ठेवणार कुठं? देवघरात? २०१६ ला फोर्ड मस्टँग उजव्या स्टेअरिंगची अधिकृत आली, पासष्ट लाखांना. अमेरिकेत जी तरुण पोरानं हप्त्यावर घ्यायची गाडी, ती आपल्याकडं बिल्डरनं लग्नाच्या वरातीत आणायची.

पण रिअर-व्हील मेली असं म्हणू नका. आमच्या चाकणमध्येच महिंद्राची बीई ६ बनते. मोटर मागच्या अ‍ॅक्सलवर, ढकलणार मागची चाकं, मोठ्या बॅटरीवाली २१० किलोवॅट. ताई, ते पीएसमध्ये तुम्हीच करा. इलेक्ट्रिकमध्ये ना शाफ्ट ना बोगदा, मधल्या माणसाचे पाय मोकळे. मी एकदा लोणावळ्याच्या पावसात मित्राची चालवली. वळणावर जरा पाय दिला, मागचं अंग हललं, आणि मला कळायच्या आत कॉम्प्युटरनं सरळ केलं. ड्रायव्हरमामांचं काम चिपनं केलं.

काका, आवाजासाठी ठेवणार असाल तर ट्रॅक्टर घ्या, स्वस्तात पडेल. नऊ हजार डॉलर वर मिळतायत, विका.

उद्यमनगरचा_मेलबर्नकर

सगळ्यांना धन्यवाद. वऱ्हाडीदादांचा कॅमारोचा मुद्दा मेव्हण्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

ताई, लाल अक्षरांवर बोललात ते बायकोला वाचून दाखवलं. ती तुमच्या पक्षात गेली. 'कामगाराच्या आवाक्यात' यावर एक सांगायचं राहिलं होतं. १९८० च्या दशकात इथं बाहेरच्या गाडीवर ५७.५ टक्के जकात होती, ती उतरत उतरत २०१० ला पाचवर आली, आणि थायलंडहून येणारे पिकअप तर २००५ पासून बिनजकातीचे. माझ्या गल्लीत आज बारा घरांपुढं सात पिकअप उभे असतात. त्यांना बोट ओढायची असते. ती बोट आधी कमोडोर आणि फाल्कन ओढायच्या, म्हणून तर त्या रिअर-व्हील आणि दणकट होत्या. कुणी शर्यतीसाठी घेत नव्हतं हो. शर्यत रविवारी टीव्हीवर.

गिऱ्हाईक शनिवारी आला. जिलाँगचा, साठीचा. आला फाल्कन युटमधून (फोर्डचं पिकअप), आणि उतरल्या उतरल्या म्हणाला की त्यानं फोर्डच्या इंजिन कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलीत. म्हणजे शिवाजी तरुणचा माणूस पाटाकडीलची जर्सी घ्यायला आलेला. विचारलं, घरी चालेल का? म्हणाला, भावाला सांगणार नाही, शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवीन. बोनेट उघडल्यावर इंजिनकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, पुशरॉड (व्हॉल्व्ह दांड्यांनी उघडायची जुनी पद्धत), अजून पुशरॉड! आमच्या 'बारा' इंजिनाला ओव्हरहेड कॅम होते. तरी हात फिरवत होताच. बारा म्हणजे फोर्डचं चार लिटरचं सरळ सहा सिलिंडर, त्याला टर्बो लावला की या व्ही-८ ला पाणी पाजायचं. ते मी त्याच्यापुढं कबूल केलं, इथंही करतो.

व्यवहार होत आलेला. तेवढ्यात थोरला बाहेर आला. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतात. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात लायसन्स मिळाल्यावर गाडीवर नवख्या चालकाची 'पी' पाटी लावायची, एक वर्ष लाल, मग तीन वर्षं हिरवी. आणि त्या चार वर्षांत २०१० नंतर बनलेली गाडी टनामागं १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची असेल तर चालवायची नाही. त्यानं तिथंच मोबाईलवर भागाकार केला. ३०४ भागिले १.७९. एकशे सत्तर. म्हणाला, "पप्पा, मला चार वर्षं हात लावता येणार नाही ना? मग तोवर तुम्हीच चालवा."

विकू नका असं त्यानं म्हटलं नाही. पण जिलाँगवाल्यानं बोनेट खाली केलं, पेटीत पत्र टाकावं तसं हळू, आणि म्हणाला मी चार वर्षांनी फोन करतो. बायको आतनं सगळं बघत होती. तिची अट अशी, की इलेक्ट्रिक आधी येणार, दारात ती उभी राहणार, आणि ही बाजूला. चाकणच्या भावा, त्यामुळं तुझंही अर्धं ऐकलंय.

दापोलीकर, तुमच्याकडं एक काम आहे. क्लच सोडताना मागून एक टक् असा आवाज येतोय, मेकॅनिक म्हणतो डिफरन्शिअलचं मागचं बुश गेलंय. इथं सांगितलेली किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. कॅप्रिसचं चालत असेल तर दोन पाठवाल का? कुरिअरचे मी देतो. डब्यावर काहीही छापलेलं चालेल.